फक्त गॅस भरून द्या

आमच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात एसीत भरायच्या गॅसचं रजिस्टर मी लिहिते. मशिनींचं काम यांचं आणि भाऊजींचं. फोन, बिलं आणि हे रजिस्टर माझ्याकडं. सिलेंडर गाडीवर चढायच्या आधी काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं. संध्याकाळी परत आला की पुन्हा काटा. मधला फरक कोणाच्या घरी, कोणत्या मशिनीत गेला ते पोट्ट्यांनी सांगायचं. लपवायचं कशाला, हा हिशेब सुरू झाला तो गॅस चोरीला जाऊ नये म्हणून. पर्यावरण वगैरे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं.

पण रोज आकडे लिहिणाऱ्याला काही गोष्टी आपोआप दिसतात. नवीन एसी बसवायला आम्हाला गॅस जवळजवळ लागतच नाही. स्प्लिट एसीचा गॅस कारखान्यातूनच बाहेरच्या युनिटमध्ये भरून येतो. पाइप नेहमीपेक्षा लांब टाकावा लागला तरच मीटरमागं थोडे ग्रॅम वरून घालायचे. मग मार्च ते जून आम्ही जे सिलेंडरवर सिलेंडर आणतो, तो गॅस जातो कुठं? जुन्या मशिनींत. ज्यांचा आधीचा गॅस उडून गेला, त्यांच्यात. म्हणजे माझं रजिस्टर हे आमच्या गिऱ्हाइकांच्या घरांतून आकाशात किती गेलं याचंच रजिस्टर आहे, फक्त एक हंगाम उशिरानं लिहिलेलं.

नागपूर मुळात कूलरचं गाव. होळी झाली की घरोघरी कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंप चालतो की नाही ते बघतात. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळं पाणी झपाझप उडतं आणि खोली खरंच गार होते. पण २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत, आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. २५ मेपासून नवतपा लागला की दुकानाचा फोन ठेवायला उसंत नसते. फोनवरचं वाक्य ठरलेलं: “ताई, एसी थंडाच नाही करून राहिला. मागच्या साली गॅस भरला होता, संपला असंन. बाकी काही नाही, फक्त गॅस भरून द्या.”

एसीत गॅस जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो खोलीतली उष्णता सोडून पातळ होतो, बारीक वाटेतून आत येतो, आतल्या कॉइलमध्ये उडतो आणि खोलीची उष्णता घेऊन परत बाहेर. तोच गॅस, बंद नळीत, गोल गोल. मशीन भंगारात जाईपर्यंत पुरायला पाहिजे. माझ्या सासूबाईंचा फ्रिज आठवा म्हणते मी लोकांना, म्हणजे तुमच्या घरचा कोणताही जुना फ्रिज. वीस वर्षं चालला, कधी गॅस भरला? नाही ना. फ्रिजचे सगळे सांधे कारखान्यात डाग देऊन पक्के केलेले असतात. स्प्लिट एसीचे शेवटचे चार सांधे मात्र तुमच्या घरी, शिडीवर उभा राहून, एखादं पोट्टं करतं. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं, नट चढवायचा, पान्यानं आवळायचं. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर फुलवलेली कडा चिरते आणि मग आणखी गळतं. याला टॉर्क रेंच म्हणून एक पाना मिळतो, ठरलेल्या जोरावर तो टक् करून सांगतो. आमच्या दोन्ही गाड्यांवर तो आहे. बाकी बाजारात विचारा, “हातालाच समजते” हे उत्तर मिळेल.

गळतं कुठं, तर निम्म्याहून जास्त वेळा याच सांध्यांवर. नंतर नंबर लागतो सर्व्हिस व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या टोपणांचा. दाब मोजायचं गेज लावायला पितळेचं टोपण काढतात आणि ते खिडकीच्या छज्ज्यावर विसरतात. आतली पिन एकटी किती दिवस दम धरणार? काही ठिकाणी नळी ग्रिलला घासते, कॉम्प्रेसरच्या थरथरीनं वर्षा-दोन वर्षांत तिला भोक पडतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या युनिटची कॉइल साठ अंशांवर गेली की आर-३२ किंवा आर-४१०ए या एसीतल्या गॅसांचा दाब साडेपाचशे पीएसआयच्या आसपास पोचतो. हिवाळ्यात जो सांधा जेमतेम तग धरून असतो, तो मेमध्ये सोडतो.

ओळखायचं असेल तर मिस्त्री यायच्या आधीच ओळखता येतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. जिथून गॅस जातो तिथं ते किंचित पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. सांध्यावर तेलकट काळा डाग दिसला की समजा. आतल्या कॉइलवर किंवा बारीक नळीवर बर्फ धरायला लागला तरी संशय घ्या, मात्र आधी जाळी धुऊन बघा, कारण जाळी तुंबल्यावरही बर्फ होतो.

आता त्या आकड्यांकडं येते, ज्यांच्यामुळं माझं रजिस्टर बदललं.

भाऊजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातल्या ओझोन सेलच्या योजनेतल्या एका प्रशिक्षणाला गेले होते. येताना प्रमाणपत्र आणि एक छापील कागद घेऊन आले. प्रमाणपत्र दुकानात लागलं, कागद मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर चिकटवला. कार्बन डायऑक्साइडला १ धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाचा कोणता गॅस पृथ्वी किती तापवतो, असा तो तक्ता. आर-२२ म्हणजे १८१०. आर-४१०ए म्हणजे २०८८. आर-३२ म्हणजे ६७५. दुकानांच्या डीप फ्रीझरमधला आर-४०४ए तर ३९२२. आणि सगळ्यात खाली आर-२९०, म्हणजे साधा प्रोपेन, ३.

मी वाणिज्य शाखेची. रकाना दिसला की गुणाकार करावासा वाटतो. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलोच्या आगेमागे गॅस असतो. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला म्हणजे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो. भागाकार केला तर नऊशे लिटर पेट्रोल! यांची गाडी लिटरला पंचेचाळीसचा ॲव्हरेज देते. म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. मी यांना म्हटलं, “तुम्ही चार वर्षं शहरभर गाडी पळवता, तेवढं त्या मनीषनगरच्या एका बेडरूममधून फुस्स झालं.” हे म्हणाले, “कागद बरोबर आहे का ते बघ आधी.” बघितलं. बरोबर होता.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना वाढला. गेला गॅस, गुणिले पुठ्ठ्यावरचा आकडा. बिलात तो छापत नाही, लोक घाबरतात किंवा हसतात. पण महिनाअखेरीस मी बेरीज करते आणि भाऊजींना दाखवते.

एक गंमत आहे. हे सगळे गॅस कुठल्या ना कुठल्या आधीच्या घोळावरचा उपाय म्हणून आलेत. पूर्वी फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवलं की त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोन खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि तो गॅस बाजूला पडला. मधल्या सोयीला आर-२२, तोही ओझोनला थोडा लागतोच. मग आले क्लोरीन नसलेले एचएफसी, आर-४१०ए आणि मंडळी. ओझोन सुटला, पण उष्णता अडकवण्यात आर-४१०ए हा आर-२२ पेक्षाही पुढं. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला त्याच करारात दुरुस्ती झाली. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याला २०२८ पासून एचएफसीचा वापर गोठवायचा आहे, २०३२ मध्ये दहा टक्के कमी आणि पायरीपायरीनं २०४७ पर्यंत पंच्याऐंशी टक्के कमी. या दुरुस्तीनं शतकाच्या शेवटापर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते असा अंदाज आहे. अर्धा अंश म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको.

पण करार कारखान्याच्या दारापर्यंत येतो. पुढं शिडीवरच्या पोट्ट्याच्या पान्यावर सगळं येऊन थांबतं.

शोरूमवाले हल्ली आर-३२ च्या खोक्यावरचं हिरवं पान दाखवून विकतात. आर-४१०ए पेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. मशिनीत भरावाही कमी लागतो. पण ६७५ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय तो हवेत पाचेक वर्षंच टिकतो, त्यामुळं त्याचा सगळा ताप सुरुवातीलाच होतो. वीसच वर्षांचा हिशेब मांडला तर त्याचा आकडा दोन हजारांच्या वर जातो. थोडा ज्वलनशीलही आहे. प्रोपेनच्या मशिनी बाजारात आहेत, मला त्या पटतात, फक्त त्यांना हात लावणारा शिकलेला पाहिजे. पान छापलं म्हणून गळायला मोकळीक मिळत नाही, एवढंच मी गिऱ्हाइकाला सांगते.

गळती शोधायचं काम कसं असतं ते लिहिते, कारण बिल बघून लोक भांडतात. मशिनीत उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं सिलेंडरमध्ये काढून घ्यायचा. नळीत कोरडा नायट्रोजन दाबानं भरायचा, गेजचा काटा लिहून ठेवायचा. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुड्याची वाट बघायची. काटा उतरतोय पण बुडबुडा नाही, तर आतली कॉइल खोलायची. सापडलं की सांधा नव्यानं करायचा, पुन्हा नायट्रोजन. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, व्हॅक्यूम मोजायच्या मापानं पाचशे मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करून थांबायचं. आकडा जागेवर राहिला तरच काट्यावर तोलून, युनिटच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच गॅस. अर्धा दिवस जातो. आणि समोरचा गडी अर्ध्या तासात, गेजकडं नजर टाकून, नळीला हात लावून, “झालं भाऊ, बर्फासारखी हवा” म्हणून पैसे घेऊन जातो. त्यात व्हॅक्यूम पंपाचा कंटाळा असला तर नळीतली हवा गॅसच्याच फवाऱ्यानं बाहेर ढकलतात. फुस्स, फुस्स. तो फवारा कोणाच्याच रजिस्टरमध्ये नसतो.

“त्यानं तुमच्या निम्म्यात भरून दिला असता,” असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. दिला असता. पुढच्या मार्चमध्ये पुन्हाही दिला असता. मधल्या काळात कमी गॅसवर कॉम्प्रेसर न थांबता चालतो, विजेचं बिल वाढतं, आणि परत येणाऱ्या गार गॅसवरच कॉम्प्रेसर थंड राहत असल्यामुळं तो तापून एक दिवस जळतो. नवीन कॉम्प्रेसरची किंमत सांगितली की मग साबणाचं पाणी स्वस्त वाटायला लागतं.

आमच्याकडं नियम आहे: गळती सापडल्याशिवाय गॅस नाही. यावरून घरात भांडण झालं ते एका आजोबांमुळं. वरचा मजला, पारा सेहेचाळीसच्या पुढं, आजोबांना नुकतंच दवाखान्यातून घरी आणलेलं. मुलगी परदेशात, आजी फोनवर रडकुंडीला आलेल्या. मी नियम सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात यांनी फोन हातातून घेतला आणि गाडी काढली. गॅस भरला. रात्री जेवताना मी काहीच बोलले नाही, तर हेच म्हणाले, “नियम मशिनीसाठी आहे, माणसासाठी नाही.” मला ते पूर्ण पटत नाही, कारण नवतप्यात प्रत्येक घरी कोणी ना कोणी आजारी असतं आणि मग नियम उरतच नाही. पण त्या दिवशी दुसरं काही करता आलं नसतं, हेही खरं. तेव्हापासून अशी तातडीची भरणी केली तर बिलावरच पावसाळ्यातली दुरुस्तीची तारीख लिहितो आणि दुरुस्तीचे थोडे पैसे आगाऊ घेतो. आगाऊ दिलेला माणूस दार उघडतो. त्या आजोबांच्या मशिनीत आतल्या कॉइलच्या एका वळणावर भोक निघालं, जुलैत बदललं.

दोन प्रसंगी तर एका मिनिटात सगळा किलोभर गॅस जातो. पहिला, घर बदलताना. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला असलेली पोरं भाड्याची घरं सारखी बदलतात आणि एसी सोबत नेतात. सामान हलवणारेच नळ्या खोलून टाकतात. खरी पद्धत अशी की मशीन कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह एलन कीनं बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच स्विच बंद. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला जातो. याला पंप डाउन म्हणतात. पण हे मोबाइलवर व्हिडिओ बघून करू नका. नळी कुठं उघडी असताना मशीन चालू राहिली तर हवा आत ओढली जाते, तेल आणि हवा दाबाखाली तापून कॉम्प्रेसर फुटू शकतो. त्यात माणसं गेलेली आहेत.

दुसरा, भंगार. कबाड्याला तांबं पाहिजे, तो दारातच नळी कापतो. तुमच्याकडचा एसी मोडीत निघाला असेल तर कापायच्या आधी मिस्त्रीला बोलावून गॅस काढून घ्यायला लावा. आम्ही जुन्या गिऱ्हाइकांसाठी हे फुकट करतो. एकच पथ्य असतं: एका सिलेंडरमध्ये एकाच जातीचा गॅस. आर-२२ आणि आर-४१०ए एकत्र झाले की तो कोणत्याच कामाचा राहत नाही.

भाऊजी आधी कळमन्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. मिरचीची पोती असतात तिथं, हजारोंनी. गारवा अमोनियाचा. अमोनिया हवेत गेला तर पृथ्वी तापत नाही, त्याचा आकडा शून्य. पण तो विषारी, आणि थोडासा गळला तरी डोळ्यांतून पाणी काढतो. भाऊजी सांगतात, तिथं वास आला की सगळे हातातलं काम टाकून आधी व्हॉल्व्ह शोधायचे. “फक्त भरून टाका” असं म्हणायची मालकाचीही हिंमत नव्हती. आपल्या बेडरूममधल्या गॅसला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं भरत राहायला कोणाला काही वाटत नाही. त्याला नुसता कुजक्या अंड्यांचा वास असता, तर नागपुरातले अर्धे सांधे एका उन्हाळ्यात दुरुस्त झाले असते.

कुजक्या अंड्यांवरून आठवलं. अशोक चौकाच्या पुढं नाग नदीच्या काठानं जी घरं आहेत, तिथं खरंच तो वास असतो. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो. तिथल्या कॉइली काळ्या पडलेल्या निघतात, त्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं. सांधा कितीही छान करा, कॉइलच खाल्ली जाते. कोटिंगवाली कॉइल थोडी जास्त टिकते, एवढंच. या घरांना मी आता फोनवरच सांगते की एप्रिल-मे कूलरवर काढा, तुमच्याकडं पाण्याची सोय आहे, हवा कोरडी आहे.

भाऊजी म्हणतात, “वहिनी, एसीच्या दुकानात बसून कूलर सांगून राहिल्या तुम्ही!”

सांगते तर. जूनअखेर हवा दमट झाली की कूलर निकामी होतो आणि त्याच घरांचे फोन येतातच. मग कॉइल बदलायची, युनिट नदीकडची भिंत सोडून दुसऱ्या भिंतीला हलवायचं, आणि नळी लांबली म्हणून वाढलेल्या पैशांवरून त्यांच्याशी अर्धा तास घासाघीस करायची.